थॉर्नसाहेबांचं तळघर

“शिव, मागे हो! जमीन थुंकतेय!”

रुहीनं दहा वर्षांच्या चुलतभावाला कॉलर धरून खेचलं. पार्किंग लॉटच्या डांबराला बोटभर फट पडली होती आणि दर लाटेला तिच्यातून खारं पाणी फुर्रकन उडत होतं. समुद्र तर शंभर पावलं लांब!

“कूल! डू इट अगेन!” शिव म्हणाला.

फट पुढे थेट देवदत्तकाकांच्या मिनीव्हॅनखाली गेली होती. श्रूजबरीच्या घरून अमेरिकेच्या या किनाऱ्यावर ड्राइव्ह करून आल्यावर काकांनी रिकाम्या लॉटमधली एकमेव सावली हेरली होती. का, तर मागे श्रीखंडाचा डबा होता! पुरी-भाजी हाणून काका-काकू आता त्याच गाडीत एसी लावून आडवे झाले होते.

रुही कोपऱ्यातल्या पाटीकडे धावली. पाटीवर जुना फोटो होता. चार मनोरे, बेचाळीस खोल्या! १८८६ साली एमॉस थॉर्ननं इथेच तो बंगला बांधला होता. बायकांच्या कंबरा आवळणारी कॉर्सेट विकून तो गब्बर झाला होता. त्याच्या बायकोला, लिडियाला, समुद्रात डुंबायची भारी हौस. पण मालकीणबाईंना भिजलेलं गावानं बघायचं? छे! मग थॉर्ननं भुयार खणून समुद्रच तळघरातल्या हौदात आणला. पुढे बायकांनी कॉर्सेट फेकली, कारखाना बुडाला. मुलानं बंगल्याचं हॉटेल केलं, तेही बुडालं. १९६२ साली बंगला पाडला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तळघर पूर्ण बुजवलं आहे.’

“कशानं? पॉपकॉर्ननं?” शिवनं विचारलं.

शेजारच्या नकाशात तळघर समुद्राकडच्या दगडी पायऱ्यांच्या डावीकडे होतं. पायऱ्या अजून तशाच होत्या. रुहीनं डावीकडे पाहिलं. भरती चढत होती, आणि गाडी बरोब्बर लिडियाबाईंच्या हौदावर उभी होती!

तिनं गाडीची काच बडवली. “काका, बाहेर या! खाली पोकळ आहे!”

काच दोन बोटं खाली आली. “रुही, मी आर्किटेक्ट आहे.”

“सॉफ्टवेअरचे, काका!”

“तेच ते. इतकी वर्षं पडलं नाही, ते आजच पडणार होय?” काच वर गेली.

“प्रतिमाकाकू, प्लीज!”

“पाच मिनिटं गं, राजा,” काकू डोळे न उघडताच पुटपुटल्या.

कर्रर्र! मागचं चाक चार बोटं खचलं. शिव दोन पावलं मागे सरला.

“शिव, नाइन वन वनला फोन कर!” रुही म्हणाली. पण फायर ब्रिगेड येईपर्यंत? ओरडून उठणारी ही माणसं नव्हती. भूकंपालासुद्धा त्यांनी पाच मिनिटं थांबवलं असतं!

तिनं बाकावरचा थर्मास उचलला, लॉटच्या पार टोकाला पळाली आणि गळा काढला, “चहा ओतलाऽऽ! दोनच कप उरलाय! शिव, तूच पी रे सगळा!”

गाडीची दोन्ही दारं एकदम उघडली.

“पोराला चहा देऊ नकोस!” काका अनवाणी धावले. मागून काकू, एकाच पायात चप्पल!

दहा-बारा पावलंच झाली असतील. धडाड्‌धूम! जमिनीनं आ वासला आणि गाडी मागच्या मागे आत गेली. नाक तेवढं आभाळाकडे, वायपर जोरात चालू!

थोड्याच वेळात आलेल्या फायर ब्रिगेडच्या दिव्याच्या झोतात खाली संगमरवरी हौद चमकला. पितळी सिंहाच्या तोंडातून समुद्र आत येत होता. गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष धापा टाकत आले.

“अशक्य! आम्ही तर बुजवलं म्हणून लिहिलंय!”

“पण आत उतरून कुणी बघितलं होतं?” रुहीनं इंग्रजीत विचारलं.

अध्यक्ष खिशातला रुमाल शोधू लागले.

“ह्यांना बाहेर कुणी काढलं?” फायर ब्रिगेडच्या कॅप्टन बाईंनी विचारलं.

काकांनी रुहीकडे बोट दाखवलं. “हिनं. मी नाही म्हणत असताना.”

कॅप्टन बाईंनी रुहीला कडक सॅल्यूट ठोकला! काकूंनी तिला घट्ट जवळ घेतलं.

“अहो, ऐका,” त्यांनी काकांना बजावलं, “यापुढे रुही ‘उठा’ म्हणाली की आधी उठायचं. वाद नंतर घालायचा!”

आणि आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी वाद घातला नाही.