कापलेले श्वास

ट्वायला टॅकेटच्या साऱ्या रेकॉर्डी मिळून सात. त्या सातांतल्या एकाही गाण्यात ती श्वास घेताना ऐकू येत नाही. नॅशव्हिलमध्ये तेव्हा लोक म्हणायचे, ही बाई गाते की वाहते. वेंडेलला ते ऐकून हसू यायचं. तो तिचा नवरा, आणि ते श्वास त्यानेच कापलेले होते.

तिचा निर्माता म्हणजे गावाकडच्या गाण्यांना व्हायोलिनांचा साज चढवून शहरात विकणारा माणूस. त्याचं म्हणणं, बँजो चालेल, गावठी हेलही चालतील, धाप मात्र नको. मग वेंडेल मूळ टेपला हात न लावता तिचा आवाज वेगळ्या फितीवर उतरवून घ्यायचा, दोन ओळींमधला श्वास ब्लेडने काढायचा आणि तेवढीच कोरी फीत तिथे जोडायचा. काढलेले तुकडे त्याच्याने फेकवत नसत. ते एकापुढे एक चिकटवत त्याने एक रीळच तयार केलं, दोन रेकॉर्डींच्या मधे खुणेला पांढरी पट्टी. स्टुडिओतल्या पार्टीत ते लावलं की लोक हसून लोळायचे, आणि सगळ्यांत जास्त ट्वायला.

आता ती हेंडरसनव्हिलच्या घरात, तळ्याकडच्या खिडकीपाशी, नाकात नळी लावून बसून असे. फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते दोघांनाही न सांगता कळलं होतं. वेंडेलचं वय झालं होतं, पण तिच्याविना एक सकाळ कशी काढायची हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

अशात रेकॉर्ड कंपनीच्या ग्रँटचा फोन आला. साती रेकॉर्डी एका पेटीत घालून नव्याने काढायच्या होत्या, गोदामात पडलेल्या मूळ टेपांवरून.

"त्यांनी गायलंय तसंच्या तसं काढतो आम्ही. चालेल ना?" त्याने विचारलं.

ट्वायलाने हातानेच खूण केली, देऊन टाक सही. वेंडेलने देऊन टाकली.

"ते तुझं रीळ आहे का रे अजून?" जरा वेळाने तिने विचारलं.

"असेल गॅरेजमध्ये."

"लाव ना. मेल्यावर ऐकून काय करू?"

त्याने जुनं मशीन बैठकीच्या खोलीत आणून ठेवलं. रीळ फिरू लागलं. तिशीतल्या ट्वायलाचे श्वास एकामागून एक येत राहिले, मधे शब्द नाही, सूर नाही. गंमत म्हणजे दोघांनाही हसू आलं नाही. वेंडेलचं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. ती फितीबरोबर वर उचलली जात होती. प्रत्येक श्वासाला, तेवढीच खोल. निळसर पडलेली नखं गुलाबी झाली. त्या संध्याकाळी तिने मक्याचा पाव ताकात कुस्करून वाडगाभर खाल्ला आणि वर मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केली. वेंडेलच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी त्याने रीळ उलटं फिरवून पुन्हा लावलं, तर आदल्या दिवशी वाजलेला भाग रिकामा होता. जुन्या फितीचा थर झडतो, हे त्याला माहीत होतं. पण मशीनवर तपकिरी भुकटीचा कणही सापडला नाही. जोड शाबूत होते, फितीची खरखरही होती. फक्त श्वास नव्हता.

तो याबद्दल कुणाला बोलला नाही. रीळ पुरवून वापरायचं, एवढं त्याने ठरवलं. तिला आंघोळ घालताना थोडं, जेवताना थोडं. घरी येणारी नर्स चकित झाली.

"मिस ट्वायला, खाता तरी काय तुम्ही?"

"नवऱ्याचं डोकं," ट्वायला म्हणाली.

पांढऱ्या पट्ट्या एकेक करून मागे पडत गेल्या. सहावी रेकॉर्ड संपली त्या दिवशी रविवार होता आणि रॉन्डा आलेली होती. रॉन्डा त्यांची एकुलती एक मुलगी, गॅलेटिनला शाळेत शिकवायची. ती स्वयंपाकघरात केक कापत होती. ट्वायलाला धाप लागलेली पाहून वेंडेलने मशीन चालू केलं. शेवटची पट्टी सरकली.

श्वास आला. पण या वेळी त्याला लागूनच आणखी एक होता, लहान, घाईघाईचा.

आत बशी फुटली.

वेंडेलने मशीन बंद करून आत डोकावलं. रॉन्डा ओट्याला धरून उभी होती, तोंड उघडं. मग तिला श्वास आला.

"काही नाही रे डॅडी. मधेच दम अडकला. वय झालं माझं." ती हसायला लागली.

योगायोग असेल, असं त्याला फार वाटून घ्यायचं होतं. ती हसतच होती. तो परत येऊन मशीनपाशी उभा राहिला आणि त्याने कळ दाबली. हसणं मधेच तुटलं. त्याने कळ सोडली.

हे आपण केलं, पोटच्या पोरीवर करून पाहिलं, याची त्याला इतकी लाज वाटली की कितीतरी वेळ त्याला आत जाऊन तिचं तोंड बघवेना.

रॉन्डा गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तिला आधीपासून कळलेलं असावं.

"काय उरलंय?"

"सातवी, नाताळची छोटी रेकॉर्ड. एकच गाणं. तू आणि रॉन्डा."

"खोक्यावर उभी केली होती तिला. माझ्याच माइकपुढे." तिने मशीनकडे पाहिलं. "माझे तेवढे वेगळे काढता येतील?"

"नाही. मिसळलेत. तुला मिळतो तेव्हा तिचा ओढला जातो."

"मग ब्लेड राहू दे, वेंडेल. रीळ डब्यात घाल." धाप ओसरेपर्यंत तिने वाट पाहिली. "आणि पुसू नकोस हं. पुसल्यावर काय होईल, कुणाला ठाऊक."

ती बुधवारी सकाळी गेली, रॉन्डाचा हात धरून. मशीन शेजारच्याच खोलीत होतं. वेंडेल खुर्चीवरून उठला नाही. न उठण्याइतकं अवघड काम त्याने जन्मात दुसरं केलं नव्हतं.

डिसेंबरात रॉन्डा झाड सजवायला म्हणून आली आणि राहिली. संध्याकाळी वेंडेल गॅरेजमध्ये दिव्यांच्या माळा सोडवत बसला होता. घरातून ट्वायलाचा आवाज आला. नाताळचं गाणं.

ओळीच्या आधी एक श्वास होता. त्याला लागून एक लहान.

हा श्वास त्याने कापला होता. तो तिथे असायलाच नको होता.

मग त्याला ग्रँट आठवला. तसंच्या तसं.

तो धावला. या वयात जमेल तसा.

रॉन्डा कपाटाला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात गळ्याशी. वेंडेलने रेकॉर्डप्लेअरची वायर उपटली.

तिच्या छातीत हवा शिरल्याचा आवाज आला. डोळे पुसत ती खुर्चीवर बसली.

"घाबरलास का रे? मला वाटतं रडू दाटून आलं नुसतं." तिने जमिनीवरची पेटी उचलून त्याला दाखवली. मुखपृष्ठावर ट्वायला, केसांचा उंच बुचडा. "आजच आली. किती सुंदर काढलंय त्यांनी. जादाच्या पाठवल्या होत्या, एक मी समोरच्या हगिन्सबाईंना देऊन आले. मम्मीची केवढी भक्त ती."

वेंडेलने खिडकीबाहेर पाहिलं.

समोरच्या अंगणात दिवे लागले. हगिन्सबाई दरवर्षी दिव्यांबरोबर गाणीही लावत, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी.

रॉन्डा काहीतरी सांगायला त्याच्याकडे वळली, आणि तोंड उघडून तशीच थांबली.