शाई बोटाला, मत छायेला

निवडणूक आयोगवाल्यांनो, तुम्ही आमची मतं चोरली नाहीत, हे मी आधीच मान्य करतो. चोराला निदान घरात शिरावं लागतं. तुम्ही आम्हाला मत द्यायला घराबाहेर पडायची गरजच ठेवली नाहीत आणि वर त्याला सुधारणा म्हणालात.

विधानसभेची यंदाची मध्यावधी निवडणूक छायामतावर झाली. छाया म्हणजे संगणकातली माणसाची नक्कल. माणूस कुठे जातो, काय विकत घेतो, कोणाचा फोन कापतो, बातम्या बघताना कोणाला शिव्या घालतो, यावरून ती वर्षानुवर्षं घडत जाते. मतदानाच्या दिवशी मत ती देते. माणसाच्या घरी शाईची कुपी येते. ती बोटाला लावून त्याने फोटो काढायचा.

निकालात सत्ताधाऱ्यांच्या जागा अशा ढासळल्या, की सरकार एकट्या वडखेल मतदारसंघावर लटकलं. आणि वडखेलचे त्यांचे आमदार रंगनाथ खरवंडे एका मताने पडले.

उमेदवाराची किंवा त्याच्या घरच्यांची छाया चुकली असं ठरलं तर फेरमतदान, असा नियम. रंगनाथराव बायकोला, शकुंतलाबाईंना, घेऊन छायाकेंद्रावर धडकले. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. नफीसा मुल्ला यांनी नोंद उघडली. रंगनाथरावांच्या छायेने विरोधकाला मत दिलं होतं.

"मी स्वतःला पाडेन होय?"

डॉक्टरबाईंनी समजावलं, की छाया भाषणं धरत नाही, वागणं धरते. साहेब मध्यंतरी विरोधकांच्या शेतावर हुरडा खाऊन आले, त्यांच्या रंगाचं जाकीट शिवायला टाकलं. "निकालानंतर पक्ष बदलायचं तुमच्या मनात होतं. छायेला थांबायची अक्कल नाही."

"माप तरी नवं दिलंत ना?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "पोट वाढलंय."

मग बाईंची छाया. तिने नवऱ्यालाच मत दिलं होतं.

"ती चुकली," बाई म्हणाल्या.

रंगनाथरावांची कळी खुलली. त्यांनी लगेच कार्यकर्त्यांना फोन लावून गुलाल आणायला सांगितलं.

"माझ्या माहेरच्या शाळेला छप्पर नाही. यांनी त्याचे नारळ तेवढे फोडले. या खेपेला मी यांना देणार नव्हते."

फोन रंगनाथरावांच्या कानालाच राहिला.

"ठरवलं असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण प्रत्येक भांडणात तुम्ही माहेरी जायला बॅग भरता आणि मग यांच्यासाठी चहा ठेवता. मशीनपुढेही हात यांच्याच बटणावर गेला असता."

चहाचं खरं होतं.

अर्ज फेटाळला गेला, सरकार पडलं. रंगनाथराव नवं जाकीट घालून नव्या सरकारच्या शपथविधीला हजर होते. बटणं लागत नव्हती.

शकुंतलाबाईंनी त्या दिवशी बॅग भरली आणि चहा न ठेवता निघाल्या. आता त्या माहेरी, त्या बिनछपराच्या शाळेत पोरांना शिकवतात. तिथून त्यांनी छायाकेंद्राला लिहिलं, की मी बदलले, माझी छाया बदला. केंद्राने कळवलं, की एकदा वेगळं वागल्याने कल बदलत नाही. रंगनाथराव पुढच्या खेपेला उभे राहिले, तर बाईंचं मत त्यांनाच जाईल. पाकिटात सोबत शाईची कुपी होती.

बाईंनी ती अजून उघडलेली नाही. त्यांनी तुम्हाला एवढंच विचारलंय, की माणूस आयुष्यात पहिल्यांदा बदलतो, ते मत तुम्ही कुठे मोजता? कुपी नको. उत्तर पाठवा.