पाठ केलेला संसार

लिफ्ट मध्येच अडकली आणि माझा जीव टांगणीला लागला.

"घाबरू नका, मी लिफ्टवालाच आहे," बाहेरून आवाज आला. दार सरकलं. ग्रीसने माखलेला हात पुढे आला, बिचकून मागे गेला, शर्टाला पुसून पुन्हा पुढे आला... तिथेच मी फसले.

तोही वर इंग्रजीच्या वर्गालाच निघाला होता. माझा पहिला दिवस. सर भलतेच कडक. व्याकरणाची सवय व्हावी म्हणून प्रत्येकाने उभं राहून आपल्या घरच्यांविषयी बोलायचं. त्या दिवशी एकट्या लिफ्टवाल्याचीच पाळी आली. तो उठला आणि घडाघडा बोलला, "माय वाइफ इज अ नर्स. वी हॅव टू चिल्ड्रन."

एक चूक नाही. मी मात्र माझी खुर्ची हळूच लांब सरकवली.

आणि हा बायकोवाला रोज माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायचा! वर "आलात? बरं वाटलं," म्हणायचा. मी चिडायचे, तरी पाय वर्गाकडेच ओढायचे. दाताच्या दवाखान्यात मदतीला असते मी; पेशंटला 'तोंड मिटा' सांगायचंही विसरू लागले.

"आज गप्प का?"

"तुमच्या नर्सबाईंना विचारा!"

"कोण नर्सबाई?" सोंगाड्या कुठला!

तेवढ्यात सरांनी पुन्हा घरच्यांचा विषय काढून वर्गातल्या टकल्या काकांना उठवलं. काका खाकरले. "माय वाइफ इज अ नर्स. वी हॅव टू चिल्ड्रन."

पाठोपाठ शिंपीणकाकू उठल्या. त्यांचीही बायको नर्सच!

"अहो, सरांनी फळ्यावर दिलेला नमुना तो," लिफ्टवाला कुजबुजला. "तुम्ही यायच्या आधी. चूक नको म्हणून सगळ्यांनी तसाच पाठ केलाय."

"म्हणजे बायको—"

"छे हो! आई आहे, एक तापट बहीण आहे. खरं सांगायला गेलो की अडखळतो मी."

मला हसावं की रडावं कळेना. किती दिवस उगाच जळत होते मी!

"मग अडखळा ना," मी म्हटलं. "मला खरंच ऐकायचंय."

तो उठला. "माय मदर... माय सिस्टर... अँड..." कान लालबुंद. माझ्याकडे बघत तो तिथेच अडकला.

"वाक्य पूर्ण कर!" सर कडाडले.

मी उभी राहिले. हात पुढे केला. "सर, ते आम्ही दोघं मिळून करू."

त्याने आधी हात शर्टाला पुसला — आज ग्रीस नव्हतं, तरीही — आणि मग माझा हात धरला.