सरळ धरलेली गाडी

मोटारसायकलचं ऑइल बघायला आमच्या रानात, म्हणजे कोसन् कोस पसरलेल्या गुरांच्या माळावर, दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून, दोन्ही पाय टेकवून गाडी सरळ धरायची. दुसऱ्यानं डाव्या बाजूला उकिडवं बसून इंजिनावरच्या बटणाएवढ्या काचेत बघायचं. काचेवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मध्ये हवं. आधी गाडी तीन मिनिटं नुसती चालू ठेवायची, बंद करायची, मग दोन मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं तेल खाली उतरतं. जमीन सपाट हवी. बसलेला विचारतो, "किती?" बघणारा सांगतो. सांगेपर्यंत बसलेल्यानं हलायचं नाही.

ह्यात अवघड काही नाही, पण लोक आळस करतात. गाडी स्टॅंडवर डावीकडे कललेली असतानाच काचेत डोकावतात. तेल सगळं डावीकडे आलेलं असतं, काच भरलेली दिसते, आणि माणूस खूश होऊन निघतो. शेजारच्या रानातला एक जण आदल्या उन्हाळ्यात असाच निघाला. वाटेत इंजिन जाम झालं. तो चौथ्या दिवशी सापडला तेव्हा त्यानं बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले होते.

माझा धाकटा भाऊ लायल ह्या बाबतीत फार काटेकोर. नाकावर माश्या बसल्या तरी हलायचा नाही. वर दर वेळी विचारायचा, "नीट बघितलंस?" मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि ह्या एका प्रश्नानं त्यानं माझ्या नाकी नऊ आणले होते.

त्या दिवशी आम्ही दोघं नऊ नंबरच्या बोअरवर होतो. मुख्य घरापासून बासष्ट किलोमीटर. गुरांच्या पाण्याचे हौद बघायचे, झडप साफ करायची, परत यायचं, एवढंच काम. सकाळी साडेसातच्या सुमाराला टाकीमागून एक रानटी वळू आला. त्यानं आधी लायलची गाडी उडवली, मग लायलला, आणि जाता जाता माझी गाडी दगडावर आपटून गेला. लायलच्या डाव्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. त्याच्या गाडीला बांधलेल्या वायरलेसचा चुरा झाला होता.

मी औषध ओतून पाय बांधला. आसपास एकच काठी मिळाली, ती पायाला गेली. त्याला टाकीच्या सावलीत निजवलं, पाण्याची बाटली हाताशी ठेवली.

"संध्याकाळपर्यंत टिकेल?" त्यानं विचारलं.

"काय टिकेल?"

"मी गं. आणखी काय."

"तू मेलास तर झडप कोण साफ करणार?" मी म्हणाले. तो हसला. पायावरचं फडकं मात्र तेवढ्यात रक्तानं भिजलं होतं. वायरलेसवरून बोलावलं की डॉक्टरांचं विमान येतं, ते संध्याकाळपर्यंत उतरलं नाही तर लायल जाणार, हे आम्हां दोघांनाही कळत होतं.

माझ्या गाडीच्या इंजिनाला खालून चीर गेली होती आणि तेल झिरपत होतं. मी चिरेत साबण भरला, वरून चिंधी आवळली. लायलच्या मोडक्या गाडीतलं तेल चहाच्या डब्यात काढलं, थोडं माझ्या गाडीत ओतलं, उरलेलं बरोबर घेतलं. आता नेमकं किती आहे ते कळायला हवं होतं. टाकीजवळची जमीन गुरांच्या खुरांनी उखणलेली, त्यात उतार. म्हणून गाडी दोनशे पावलांवरच्या पांढऱ्या चिकणमातीच्या सपाटीवर नेली. तिथं झाड नाही, खांब नाही, दगडसुद्धा नाही.

तीन मिनिटं चालू ठेवली. बंद केली. दोन मिनिटं थांबले. एकटीनं बघायचं म्हणजे गाडी सरळ करून झटकन वाकायचं आणि ती अंगावर यायच्या आत डोकावायचं. ही पद्धत चुकीची आहे, तेल हिंदकळतं, पण दुसरा इलाज नव्हता. मी वाकले. खांदा तयार ठेवला होता.

गाडी अंगावर आली नाही.

मागची स्प्रिंग कुरकुरली आणि दोन बोटं खाली दबली. माणूस बसला की दबते तेवढीच.

"किती?" लायलनं विचारलं.

मला रागच आला. "अरे गाढवा, हलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?" काचेवरची नजर न काढता मी म्हणाले. तेल खालच्या रेघेला टेकलं होतं. डब्यातलं थोडं ओतलं. "मध्यावर आलं."

"नीट बघितलंस?"

"बघितलं बाबा, बघितलं."

स्प्रिंग वर आली आणि सगळी गाडी माझ्या खांद्यावर कोसळली. ती सावरून मी उठले. सपाटीवर कोणी नव्हतं. लांब टाकीच्या सावलीत लायल मी ठेवला होता तसाच पडला होता, तोंडावर टोपी घेऊन.

मी जाऊन त्याला विचारलं नाही. ऊन, भीती, रक्त बघून आलेली घेरी, अशी सगळी कारणं मी स्वतःला दिली, आणि ती चांगली कारणं होती. मी किक मारली.

आमचा रस्ता दोन कुंपणांच्या मधून जातो. दोन्हीकडे तारा, समोर तांबडी माती, वळण नाही. वीस किलोमीटरवर माझा डावा बूट तेलानं बुळबुळीत झाला. न बघता पुढं जाणं म्हणजे त्या जोडून ठेवलेल्या बुटांची गत. सपाट जागा बघून थांबले. तीन मिनिटं. दोन मिनिटं. गाडी सरळ केली.

ह्या वेळी मी वाकायच्या आधीच स्प्रिंग दबली. हँडल माझ्या हातातून सुटलं आणि तिथंच ताठ राहिलं. मी सीटकडं बघितलं नाही. खाली वाकून काचेकडं बघितलं, कारण बघायला तर हवंच होतं. माझ्या गालाजवळ औषधाचा वास होता. मीच पट्टी बांधताना ओतलेलं औषध.

"किती?" आवाजाला धाप लागली होती.

"खालच्या रेघेवर," मी म्हणाले. थोडं तेल ओतलं. "मध्यावर."

"नीट बघितलंस?"

"हो."

गाडी खांद्यावर आली. मी मागं न बघता निघाले. रडत होते, हे सांगायला लाज कसली. मागं वळावं असं दहादा वाटलं. पण लायलपाशी परत जाऊन मी करणार काय होते? बरोबर बसून त्याला मरताना बघणार होते. मागं जाता येत नव्हतं, पुढं जायचं तर थांबून बघावं लागत होतं, आणि बघायचं तर त्याला यावं लागत होतं.

चाळीस किलोमीटरवर तिसऱ्यांदा थांबले. साबण गळून पडला होता, चिंधीतून धार लागली होती. काच रिकामी असणार हे ठरलेलंच होतं. मी वाकले.

तेल मध्यावर होतं. मी काही ओतलेलं नसताना.

"पटकन सांग, मर्ना."

पटकन! दोन मिनिटांतले पाच सेकंद कमी केले तर भांडणारा माणूस. मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या गुडघ्याजवळच्या धुळीत काहीतरी टपकलं. मग आणखी एकदा. वर काही नव्हतं, कशातून पडावं असं काहीच नव्हतं. थेंब लाल होते.

"मध्यावर," मी म्हणाले.

"नीट..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही.

त्या तुटक्या पायावर तो उभा राहत होता. मी बोलावत होते म्हणून. आता एकदाही नाही, असं मी ठरवलं.

पन्नासाव्या किलोमीटरला इंजिन खडखडू लागलं. पत्र्याच्या डब्यात कुणी बोल्ट हलवावेत तसा आवाज. एवढी वर्षं हाडात मुरलेली सवय, हातानं आपोआप गाडी बंद केली. दोन मिनिटं गेली. माझ्या हातांनी गाडी सरळ केली.

स्प्रिंग दबली.

ह्या वेळी प्रश्न आला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, दातांतून ओढलेला.

"नाही," मी म्हणाले. "मी बघणार नाही. उतर, लायल. जा."

मी सीटवर बसले. तिथं कोणी नव्हतं. किक मारली.

घराच्या फाटकाच्या आत तीनशे पावलांवर इंजिन जाम झालं. पुढचं अंतर मी धावत गेले. ग्वेननं, म्हणजे आमच्या रानाच्या कारभारणीनं, मी दारातूनच सांगितलेलं ऐकून हातातलं काम टाकलं. तिनं आधी वायरलेस उचलला. विमान नऊ नंबरला उतरेल असं ठरलं, आणि आम्ही दोघी ट्रकमधून निघालो.

तासाभरात पोचलो. टाकीच्या सावलीत टोपी होती, बाटली होती. लायल नव्हता.

"ते काय आहे?" ग्वेन म्हणाली.

तो पांढऱ्या सपाटीच्या मधोमध होता, भर उन्हात. पाय फाकून, गुडघ्यांत किंचित वाकून उभा. दोन्ही हात पुढं, मुठी वळलेल्या. मधे काही नव्हतं.

आम्ही धावलो. ग्वेननं त्याला काखेतून धरून ओढलं. तो जागचा हलला नाही.

"लायल, पोरा, चल. सावलीत चल."

"तिनं अजून सांगितलं नाहीये," तो म्हणाला. ओठ फुटले होते. डोळे समोर, कुठंतरी हँडलच्या पलीकडं. "किती?"

"काय किती?" ग्वेन माझ्याकडं वळली. "काय विचारतोय हा?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उकिडवी बसले. काठी बांधलेला पाय माझ्या तोंडासमोर होता, धुळीत घट्ट रोवलेला.

"मध्यावर," मी म्हणाले.

"नीट बघितलंस?"

मी काठीवरची धूळ पुसली.

"मर्ना. नीट बघितलंस?"

"नाही," मी म्हणाले. "चौथ्या वेळी बघितलंच नाही."

"मग बघ."

मी बघितलं. त्याच्या दोन पायांच्या मधे, जिथं काच असते तिथं. पलीकडची पांढरी माती दिसत होती. खाली धुळीत पुढच्या आणि मागच्या टायरचा एकेक ठसा होता, खोल दबलेला. माझे सकाळचे माग लांब पलीकडं होते; ह्या ठशांना कुठून आल्याची खूण नव्हती, कुठं गेल्याचीही नव्हती.

"काही उरलेलं नाही, लायल," मी म्हणाले. "पण गाडी घरी पोचली. उतर आता."

त्यानं मुठी उघडल्या.

ग्वेननं त्याला एकटीनं उचललं. ती साठीची बाई, आणि लायल नव्वद किलोचा.

तो वाचला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये त्याला रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. विमानातून आलेल्या डॉक्टरीणबाई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"तुमच्या भावाच्या अंगातलं जवळजवळ निम्मं रक्त गेलंय," त्या म्हणाल्या. "पट्टीत एवढं नव्हतं. जमिनीवर तर मला डागही दिसला नाही. तुम्ही त्याच्याबरोबर होतात. कुठं गेलं ते?"

मी माहीत नाही म्हणाले. तेव्हा ते खरंही होतं.

लायल आता ऑफिसातलं काम बघतो. त्या दिवसातलं त्याला आठवतं ते एवढंच, की मी त्याला चार वेळा हाक मारली. मी एकदाही मारली नव्हती.

गाडी शेडच्या टोकाला उभी आहे. इंजिन जाम आहे, चीर तशीच आहे, ग्वेन ती भंगारात द्यायला निघाली होती, पण मी देऊ दिली नाही आणि तळाचा बोल्टही कोणाला उघडू दिला नाही. स्टॅंडवर ती डावीकडं कललेली असते, त्यामुळे काच भरलेली दिसते. अकरा वर्षं झाली. काचेतलं अजून सुकलेलं नाही, आणि ते जुन्या तेलासारखं काळं नाही.