नाक दाब

एकनाथदादा सुतारांनी विमानाच्या पंखाला मराठी शिकवली, तेव्हा लोक फिदीफिदी हसले होते. पण पंख हुशार निघाला. त्याच्या कातडीत केसाहून बारीक लाखो तंतू होते. वारा कुठे चिकटून वाहतोय, कुठे सुटतोय, हे त्याला कळे आणि तो आपला आकार बदले. हुकूम मात्र तो एकाच आवाजाचा ऐके, वैमानिक शर्वरी घोरपडेचा. तिने 'नाक दाब' म्हटलं की विमानाचं नाक खाली.

त्या दुपारी सातपुड्यावर दोन प्रवासी उठले आणि सुरे काढून थेट तिच्या खोलीत घुसले. त्यांतल्या थोराड सर्जाने मागून तिचा गळा आवळला. दुसऱ्याने, जग्याने, विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा हिसकून मागे ओढला.

"वर घे. डोंगरापलीकडे उतरायचंय."

अरे मूर्खा, नुसतं नाक वर करून विमान चढत असतं होय! समोरून येणारा वारा आणि पंख यांच्यातला कोन, दादांच्या भाषेत आघातकोन, पंधरा अंशांपुढे गेला. पंखाच्या पाठीवरून वारा सुटला, तशी त्याची उचलही संपली. विमान थरथरत खाली बसू लागलं.

शर्वरीला दोनच शब्द बोलायचे होते, पण गळ्यातून हवाच निघेना. आपण सगळेच मरणार, हे तिला कळलं. तिने सर्जाच्या मनगटाचा लचका तोडला. तोंडात रक्त आलं, पकड काही सुटली नाही.

प्रवाशांत बसलेले एकनाथदादा मागून धावले. त्यांनी सर्जाच्या कमरेला मिठी मारली. जग्याने त्यांच्या बरगडीत सुरा खुपसला, तरी म्हातारा सोडेना.

"मरत का नाही ही?" सर्जा धापा टाकत म्हणाला.

"अरे, नाक दाब तिचं," जग्या खेकसला.

विमानाचं नाक खाडकन खाली गेलं. उभे होते ते तिघे छतावर आदळले. मान मोडल्याचा आवाज शर्वरीने तीनदा ऐकला. तिला आणि बाकीच्या प्रवाशांना पट्ट्यांनी धरून ठेवलं. कोन उतरला, वारा पुन्हा पंखाला चिकटला आणि तिने डोंगरमाथ्यावरून विमान काढलं.

उतरल्यावर तिने पंखाची नोंद उघडली.

'आवाज: अनोळखी. पट्ट्याविना माणसं: तीन. हुकूम: मान्य.'

ती खाली आली. बाहीवरचं दादांचं रक्त अजून ओलं होतं. तिने पंखावर तळवा ठेवला, तसे आतले तंतू तिच्याकडे वळले.

"मला वाचवायला परक्याचं ऐकलंस," ती म्हणाली. "पण त्या तिघांत तुला बोली शिकवणारा होता, हे तुला ठाऊक होतं का रे?"