नऊ नंबरचा तपकिरी रंग

खोटं सांगून मला काय मिळणार? गेल्या वर्षीचा थंडीतला मंगळवार. दुपारचे तीन. आमच्या घराची मागची खोली... मी तिथेच बसलो होतो.

मी बसगाड्या रंगवायचो. अक्षरं शिकलो अठ्ठावन्नाव्या वर्षी. अजून बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो. सूनबाई घरूनच वेबसाइट बनवते. रंग ठरवणाऱ्या फाइलला ती स्टाइलशीट म्हणते. त्यातले शब्द मला कळत नाहीत, पण ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर मला लगेच दिसतो.

"बाबा, या जरा. तुमचं बोट हवंय."

काम एका वृद्धाश्रमाचं होतं. बारा खोल्या, प्रत्येकीच्या पानाची एक अशा बारा लिंक. नऊ नंबरला माझी थोरली बहीण राहते, अक्का.

न उघडलेली लिंक निळी, उघडून पाहिलेली हिरवी. रंग मीच निवडले होते.

फाइलच्या तपासणीत कॉम्प्युटर एक चूक दाखवत होता. ओळ एकशे एक्केचाळीस.

मी बोटाने मोजलं. फाइल एकशे चाळीस ओळींची होती.

पुन्हा मोजलं... एकशे चाळीसच.

"याचंही डोकं फिरलंय," सून म्हणाली.

"'याचंही' म्हणजे? आणखी कुणाचं?"

ती हसली. मी नाही हसलो. मला काहीतरी दिसलं होतं...

चार नंबर तपकिरी होता.

"हा रंग कुठून आणलास?"

"मी नाही दिला, बाबा. आणि चार नंबर अजून उघडलाच नाहीये."

तिने उघडलेल्या पानांची नोंद, म्हणजे हिस्टरी, पुसली. चार निळा झाला.

आणि आमच्या डोळ्यांदेखत... पुन्हा तपकिरी.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

फोन वाजला. आश्रमाच्या मॅनेजर बाई. "चार नंबरचं पान काढून टाका हो. आजोबा गेले... अर्धा तास झाला."

फोन ठेवला. खोलीत कसलाच आवाज नाही. रस्त्यावरचासुद्धा नाही.

"बाबा..."

नऊ नंबर तपकिरी झाला होता.

मी अक्काला फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला...

"हं, बोल रे."

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझंच काय ते सांग. आत्ता दार उघडून बघितलंस आणि न बोलता निघून गेलास!"

"अक्का... मी घरी आहे."



"तोंड नाही दिसलं मला," ती हळूच म्हणाली. "कोट दिसला. तपकिरी."

माझ्याकडे तपकिरी कोट नाही.

"दोन्ही रंग एकच कर," मी सुनेला ओरडलो. "निळा! उघडलेली असो, नसो... सगळं निळं!"

तिने केलं. तपासणीतली चूकही गेली. आश्रमवाले खूश झाले.

अक्का अजून ठणठणीत आहे. रोज तीनला मी तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो.

"राखण करतोस का माझी?" ती चिडते.

मी खुर्ची दाराजवळ सरकवतो. त्या मंगळवारनंतर सहा नंबरच्या आजी गेल्या, मग अकराचे मास्तर. दोन्ही वेळा स्क्रीनवर सगळ्या लिंक निळ्याच होत्या...

गंजावर रंग मारू नका, असं मी जन्मभर हाताखालच्यांना सांगितलं. त्या दिवशी मीच मारला.

आता तो तपकिरी कोटवाला कुणाच्या दारात येऊन गेला, ते मला दिसत नाही.