फळ गार व्हईस्तवर

"गरम फळ गाडीत भरायचं न्हाई म्हंजे न्हाई! किती डाव सांगायचं रं तुला?"

"ए बाई, हात लावून बघ की! बर्फागत लागतंय. मला सांगली गाठायचीय, तुझ्या दारात मुक्काम न्हाई ठोकायचा!"

"वरनं गार हाय. पोटात अजून ऊन हाय त्याच्या. तू बरा... आतबाहेर सारखाच तापल्याला!"

पाचगणीत, स्ट्रॉबेरीच्या कोल्ड रूमच्या दारात ही अशी जुंपली. पहिलीच गाठ दोघांची, आन् पहिल्याच गाठीला ठिणगी.

तौसीफ एकोणीस वर्षांचा. दहावीत मास्तरांशी भांडला, दप्तर बाकावर टाकून आला, ते परत आणायला बी गेला न्हाई. आता सिकंदरचाचाचं पिकअप चालवायचा. पाचगणीची स्ट्रॉबेरी सांगलीला पोचवायची, की परत घाट चढायचा. डोळ्यांखाली काळं आलेलं, तरी नजर अशी की वळणाआडची एसटी आधी दिसावी.

नूरीन त्या कोल्ड रूमवाल्या तारिकभाईंची पोरगी. अब्बांची कंबर धरली, तसं खोलीचं काम तिच्या गळ्यात पडलं. सकाळी साताऱ्याला कॉलेज, दुपारी एसटीच्या खिडकीला डोकं टेकून पेंगत घर, आन् आल्या आल्या अंगावर शाल घेऊन खोलीत. शेतातनं तोडलेलं फळ आधी तिथं ठिवायचं. पोटातलं ऊन गेलं, की मगच गाडीत. ह्यात कुणाला सूट न्हाई.

त्या दिवशी तौसीफनं ऐकलं न्हाई. क्रेट स्वतःच उचलले, ताडपत्री आवळली आन् सुटला. कराड मागं पडायच्या आत क्रेटातल्या फळांच्या डब्यांना पाझर फुटला. सांगलीत लालासाहेब व्यापाऱ्यानं झाकण उघडून नाक मुरडलं, "गड्या, जाम घालूनच आणलास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी तो दारात मुकाट उभा राह्यला. आता ही कशी तोंड सोडती, म्हणून कान पाडून. पर नूरीन वरडली न्हाई. रिकामा क्रेट तिनं पालथा घातला.

"बस. येळ लागतो त्याला."

तवापासनं बसणं सुरू झालं. रोज. तो ह्या क्रेटवर, ती त्या क्रेटवर, मधी कोल्ड रूमचं दार. कुणी उघडलं की आतनं धुकं यायचं, आन् त्यातनं तिचं लाल झालेलं नाकाचं बोंड दिसायचं... तौसीफ दुसरीकडं बघायचा. बघितल्यासारखं करायचा.

"काय पुटपुटतीस? दुवा हाय का शाप?" त्यानं एकदा इचारलं.

"सेमिनार हाय कॉलेजात. थंड वायूवर."

"सिलिंडरचा?"

"आभाळातला रं! ऐक. लय आधी, आकाशगंगा बारक्या व्हत्या तवाची गोष्ट. त्यांना वाढायला खुराक लागायचा. तो खुराक म्हंजे थंड वायू. बाहेरनं त्याच्या धारा आकाशगंगेत यायच्या. त्यातनंच नवं तारं जन्माला यायचं."

"आन् तापल्याला वायू?"

"तो नुस्ता उधळतो. इकडं पळ, तिकडं पळ. ठरतच न्हाई एका जागी. ठरला न्हाई तर गोळा कसा व्हणार? तारा कसा व्हणार?"

"मला बोलतीस व्हय गं?"

"मी वायूबद्दल बोलतीय," ती म्हणाली, आन् ओठ दाबून खाली बघितलं.

"पर हे कुणी बघितलंय?"

"मोठ्या दुर्बिणी हायत. त्या थंड वायूचा मंद इशारा टिपतात. बाराशे कोटी वर्षं वाट चालून आलेला."

"बाराशे कोटी... आन् मी पसरणीचा घाट चढलो तरी गळतो."

दोघं हसलं. थकलेली माणसं हसतात तसं, आवाज न करता.

मंग कवा तो तिच्यासाठी सांगलीहनं भडंग आणायचा, कवा ती त्याला थर्मासातला चहा द्यायची. कप घेताना बोटं लागायची. तिची गारठलेली, त्याची स्टेअरिंग धरून तापलेली.

एप्रिल आला. फळ बारीक झालं, हंगाम सरला. शेवटच्या खेपेला तौसीफ ठरवूनच आला. आज सांगायचंच. तेवढ्यात नूरीनच म्हणाली,

"पुढच्या वर्षी अब्बा एसीची गाडी लावणार हायत. पाचगणीचीच."

"म्हंजे... मी न्हाई?"

"न्हाई."

तौसीफच्या कानशिलात रक्त चढलं. त्यानं टायरला लाथ हाणली. "मंग आत्ताच भर! कशाला बसवून घेतलंस इतकं दिस? जातो मी!"

नूरीन नुस्ती त्याच्याकडं बघत राह्यली. डोळं दमलेलं, पर हललं न्हाईत. त्यानं गाडीच्या दाराला हात घातला... सोडला. आला आन् आपल्या क्रेटवर बसला. श्वास खाली बसंस्तवर बसला.

"नूरीन."

"हं?"

"मला तू आवडतीस. गाडी लागू दे न्हाई तर न लागू दे."

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राह्यली.

"मला पुण्याला शिकाय जायचंय, तौसीफ. दोन-तीन वर्षं जातील. तू आवडतोस, पर... तू थांबणारा माणूस हायस का?"

"न्हवतो," तो म्हणाला. "आता हाय."

"खरं?"

तवा त्याची नजर तिच्या बाजूच्या क्रेटवर गेली. फळात खुपसलेला थर्मामीटर, त्यावर तिची ओढणी टाकल्याली. कडंनं तबकडी दिसत व्हती, काटा हिरव्या पट्ट्यात कवाचाच येऊन बसलेला.

"फळ गार झालंय," तो हळूच म्हणाला.

नूरीनचं कान लाल झालं. "व्हय. मगाशीच."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तू भरून निघाला असतास..."

तौसीफ हसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुठंच जायचं न्हवतं. पर खाली वाईत ऊन तापत व्हतं, आन् ताडपत्रीखाली गारवा काय जास्त टिकत न्हाई. त्यानं ओढणी उचलून तिच्या हातात दिली. येक येक क्रेट दोघांनी मिळून भरला.

"चल... निघायला पायजे मला आता. फळ गार हाय तवरच."